नाही म्हणायची मुभा

घरमालकाचा वकील ‘मान्य आहे’ म्हणाला. ते शिंप्याला खुणांनी सांगायला तिनं, त्याच्या दुभाषीनं, उजवा हात उचलला, तर करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट उठलंच नाही. बोटं जागच्या जागी होती, दिसत होती, पण दुसऱ्या कुणाची तरी आणून जोडावीत तशी गप्प. खूण अर्धीच झाली. खुणांच्या भाषेत अर्धं ‘मान्य’ म्हणजे थोडंसं मान्य असं होत नाही. ते भलतंच काहीतरी होतं, ‘आठवत नाही’च्या आसपास जाणारं. समोर बसलेल्या शिंप्यानं भुवया उंचावल्या. त्याला जन्मापासून ऐकू येत नव्हतं आणि पंधरा वर्षं तो कोर्टकचेरीतलं, बँकेतलं, मुलांच्या शाळेतलं सगळं बोलणं तिच्या हातांवर वाचत आला होता. हे हात अडखळलेले त्यानं कधी पाहिले नव्हते. तिनं पटकन डावा हात पुढे केला आणि शब्द पुरा केला. वकिलानं पान उलटलं. घरमालकानं घड्याळ पाहिलं. दुकान आणखी तीन वर्षं शिंप्याकडे राहणार होतं, त्यासाठी चार महिने भांडण चाललं होतं, आणि ते सुटलं तेव्हा ज्याला आनंद व्हायचा तो माणूस तिच्या दोन बोटांकडे बघत बसला होता.

जिन्यात त्यानं तिला थांबवलं. तिचा हात हातात घेतला आणि कापडाचा पोत बघावा तशी ती दोन बोटं अंगठ्यानं चाचपली. ‘किती दिवस?’ त्यानं हातांनी विचारलं. ‘आजच,’ ती म्हणाली. खोटं होतं, बोटं अशी गप्प होण्याची महिन्यातली ही तिसरी वेळ. तोंडानं खोटं बोलणाऱ्याला शब्द एकीकडे आणि चेहरा दुसरीकडे ठेवता येतो. हातांनी बोलताना चेहराही वाक्यातच असतो, आणि तिच्या चेहऱ्यानं तिला उघडं पाडलं. शिंप्यानं मान हलवली. ‘माझ्यासारखंच तुझंही हातावर पोट. दाखव कुणाला तरी.’ आणि लगेच, ‘उद्या बँकेत येतेस ना?’ ‘येते,’ ती म्हणाली. खांद्यावरच्या पिशवीत चार दिवसांपूर्वी आलेलं पत्र होतं. त्याला होकार दिला तर पुढच्या महिन्यापासून ती शिंप्याबरोबर कुठंच जाऊ शकणार नव्हती. हे सांगायला जिना ही काही बरी जागा नाही, असं तिनं स्वतःला समजावलं आणि पायऱ्या उतरू लागली.

दाखवलं होतं तिनं, हात दाखवून झाला होता. डॉक्टरांनी कोपरापाशी एक ठिकाण दाबलं होतं आणि खालपर्यंत वीज चमकून गेली होती. ‘इथं नस दबते आहे. काम काय करता?’ तिनं सांगितलं. ‘मग थोडे दिवस विश्रांती द्या हाताला,’ डॉक्टर म्हणाले, इतक्या सहज, की जणू हात हा घरातला कुणी पाहुणा होता आणि त्याला आतल्या खोलीत पडायला सांगायचं होतं. बसमध्ये खिडकीशी बसून ती आता तळहात उघडत-मिटत राहिली. बावीस वर्षं तिनं स्वतःच्या मर्जीनं काम केलं होतं. सकाळी फोनवर निरोप यायचे: अमक्याच्या मुलीचं लग्न ठरतंय, दोन्हीकडची मंडळी बोलायला बसणार आहेत, येशील का, तमक्याला कामावरून काढलंय, साहेबाशी भांडायचंय, येशील का. ती कोर्टात गेली होती, घटस्फोटांत गेली होती, मयताला गेली होती, एकदा तर चिडलेल्या दोन भावांच्या मध्ये उभी राहून दोन्हीकडच्या शिव्या इमानेइतबारे पोचवल्या होत्या. कामाचा नियमच असा होता की बोलणाऱ्याचं ‘मी’ तिनं तिच्या हातांनी ‘मी’ असंच म्हणायचं. वकील म्हणून मी, सासू म्हणून मी, चोरीचा आळ आलेला कारकून म्हणून मी. दिवसभरात इतक्या जणांची ‘मी’ होऊन यायची, की संध्याकाळी नवऱ्यानं ‘तुला काय खायचंय?’ विचारलं तरी ती क्षणभर आजूबाजूला बघायची, याचं उत्तर कोण देणार म्हणून.

एकाच ठिकाणी ती कधी गेली नव्हती. हॉस्पिटलचा निरोप आला की ती त्या दिवशी दुसरीकडे असायची. नसली तरी असायची. सर्दीखोकल्याचं असो की डोळ्यांच्या तपासणीचं, ती दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवायची आणि दिलगिरी कळवायची. बावीस वर्षांत कुणी का म्हणून विचारलं नाही. सुट्टं काम करणारं माणूस नेहमी दुसरीकडेच असतं, असं सगळे धरून चालतात. पैसे वेळेवर येत नाहीत, रजा म्हणून काही नसते, ताप आला तर तो आपल्या खर्चानं काढायचा, हे सगळं तिला ठाऊक होतं आणि त्याबद्दल ती चारचौघांसारखी कुरकुरही करायची. पण मनातून या सगळ्याची किंमत तिनं आनंदानं मोजली होती, कारण बदल्यात नाही म्हणायची मुभा मिळत होती. आता पत्र आलं होतं ते नेमकं हॉस्पिटलचंच. शहरातलं सगळ्यात मोठं. कायमची दुभाषी हवी होती त्यांना, पहिल्यांदाच. आजारपणाची भरपगारी रजा, घरातल्या सगळ्यांचे उपचार, अगदी आईचेसुद्धा, निवृत्तीनंतर पेन्शन. बाहेरची कामं घेता येणार नाहीत. शुक्रवारपर्यंत कळवावे.

मुलाखतीला मग ती गेली तरी का होती, हे तिलाच नीट सांगता आलं नसतं. बोटं दुसऱ्यांदा बधिर झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी अर्ज केला होता, एवढं खरं. तिथल्या नेमणुका बघणाऱ्या बाई नीटनेटक्या होत्या, टेबलावर कागदाला कागद लावून ठेवणाऱ्या. ‘तुमचे हात बोलताना इतके सुंदर दिसतात,’ त्या म्हणाल्या, ‘कुठं शिकलात?’ घरी, असं तिनं सांगितलं. आईबाबा दोघंही कर्णबधिर. ‘अरेरे,’ बाई म्हणाल्या आणि मग घाईघाईनं, ‘म्हणजे, वा!’ ती हसली होती. पण बाहेर पडताना एका लांब वऱ्हांड्यातून यावं लागलं आणि तिथं फरशी पुसायच्या औषधाचा वास होता. इमारत वेगळी होती, गावही वेगळं, मधे पस्तीस वर्षं गेलेली. वासाला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं भिंतीला हात टेकला. भिंतीकडेची बाकं रिकामी होती, आणि त्यांतल्या कुठल्याही बाकावर आई बसलेली असू शकली असती, डोकं मागे टाकून, तोंड किंचित उघडं, तीन दिवसांत पहिल्यांदाच झोपलेली.

नवरा पाणीपुरवठा खात्यात होता, नोकरीत मुरलेला. जेवताना तो म्हणाला, ‘अगं, आजारी पडलं तरी पगार! तुला कळतंय का यातली गंमत? मला तर कधीकधी वाटतं, मला पडून राहायचेच पैसे देतात.’ ती हसली नाही तसा तो गंभीर झाला. ‘तुझा हात उद्या पारच गेला तर काय करशील? मी घाबरवत नाहीये. विचारतोय.’ ‘माहीत नाही.’ ‘मग अडतंय कुठं?’ तिनं पाण्याचा ग्लास फिरवला. अडत होतं ते लग्नाच्या अठरा वर्षांत तिनं त्याला सांगितलं नव्हतं. भाऊ लहानपणी गेला, एवढंच तो जाणत होता. ‘तुला स्वतःला काय हवंय, ते सांग,’ तो समजुतीनं म्हणाला, ‘बाकी आपण जमवू.’ टेबलाच्या त्या टोकाला आई जेवत होती. ऐकू येत नसलं तरी दोघांच्या तोंडांकडे तिचं लक्ष होतं, टेनिसचा सामना बघावा तसं, इकडून तिकडे. मधेच तिनं टेबलावर थाप मारली आणि खुणेनं विचारलं, ‘भांडताय?’ ‘नाही, आई.’ ‘मग मीठ द्या इकडे.’

बुधवारी ती शिंप्याबरोबर बँकेत गेली आणि एका अर्जावर सही कुठं करायची एवढ्यासाठी दीड तास बसून आली. पत्राचं बोलली नाही. गुरुवारी काम नव्हतं. दुपारी आई खिडकीशी वाटाणे सोलत बसली होती. तीही परात जवळ ओढून समोर बसली. आईची बोटं बहात्तराव्या वर्षीही झरझर चालायची. ती शेंगा सोलता सोलता थांबायची, दोन वाक्यं बोलायची, पुन्हा सोलायची, त्यामुळे तिच्या बोलण्यात नेहमीच वाटाण्यांएवढ्या फटी पडायच्या. ‘तुझी दोन बोटं तोतरी झालीत,’ आई म्हणाली. ‘महिना झाला. मला काय दिसत नाही?’ मग एक शेंग. ‘आणि ते पत्र वाचलं मी. चष्मा शोधायला पिशवीत हात घातला होता.’ आणखी एक शेंग. ‘का नाही जात?’

उत्तर द्यायला हात उचलावे लागतात. पुटपुटून भागत नाही. तिनं परात बाजूला केली. ‘तुला माहीत आहे,’ ती म्हणाली. आईनं हातातली शेंग खाली ठेवली.

तेव्हा ती नऊ वर्षांची होती. भाऊ पाच महिन्यांचा. ताप उतरत नव्हता म्हणून आई त्याला घेऊन हॉस्पिटलात गेली आणि बोलायला कुणी हवं म्हणून तिची शाळा बुडवली. बाबा छापखान्यात होते, यंत्रावर. तिथल्या धडधडीत ऐकू येणारी माणसं चार-पाच वर्षांत कानानं अधू व्हायची, बाबांना मालकानं त्याच कारणासाठी ठेवलं होतं, आणि बाबांना त्या नोकरीचा एवढा अभिमान होता की एका मागोमाग तीन दिवस रजा मागणं त्यांना शोभलं नसतं. तिसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर बाहेर आले. आईकडे बघून बोलू लागले, मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खाली वाकले. त्यांच्या खिशात तीन पेनं होती. ‘बाळ, आईला सांग, आम्ही खूप प्रयत्न केले. पण तो गेला.’ त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, आणि ते वऱ्हांड्यातून निघून गेले. आई वाट बघत होती. तिनं हात उचलले. कसं सांगायचं ते तिला येत होतं, ‘मेला’ ही खूण काही अवघड नसते. ‘झोपलाय,’ तिनं सांगितलं. ‘उठवू नका म्हणालेत.’ आईचे खांदे सैल झाले, तिनं हसून तिच्या गालाला हात लावला, बाकावर मागे टेकली आणि झोपली. ती शेजारी बसली. फरशी पुसणारा माणूस आला, त्यानं दोघींचे पाय उचलायला लावले; आईचे तिनं उचलून धरले. असा दीड तास गेला. मग पाळी संपवून बाबा आले, एका नर्सनं त्यांच्यासाठी कागदावर लिहिलं, आणि त्या कागदावर काय होतं ते बाबांच्या हातांनी आईला सांगितलं.

त्यावर घरात कधी कुणी बोललं नाही. आणि बोललं नाही म्हणूनच तिनं मोठं होता होता आईच्या वतीनं एक उत्तर तयार करून ठेवलं होतं. आईला तेव्हाच कळलं होतं. डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं होतं. चेहरे वाचण्यात हयात गेलेल्या बाईला ते कळल्याशिवाय राहीलच कसं? आई झोपेचं सोंग घेऊन पडून राहिली, पोरीला सावरायला वेळ मिळावा म्हणून. हे उत्तर तिनं इतकी वर्षं जपलं होतं की आता त्याला आईच्या हातांचं वळणसुद्धा आलं होतं. ‘तुला कळलं होतं ना तेव्हा?’ तिनं विचारलं.

‘नाही,’ आई म्हणाली. ‘तू झोपलाय म्हणालीस. मला खरं वाटलं.’

बाहेर कुणीतरी गाडी मागे घेत होतं. त्याचा टुंई-टुंई आवाज घरात एकटीला तिलाच ऐकू येत होता.

‘मला राग आला होता तुझा,’ आई सांगू लागली. हात सावकाश चालत होते, शेंगांशिवाय. ‘मी उठले तोवर त्याला गुंडाळून ठेवलं होतं. हाताला गार लागला. ते दीड तास मी त्याला जवळ घेऊन बसले असते. नऊ वर्षांच्या पोरीवर राग धरायची लाज वाटायची म्हणून कुणाला बोलले नाही. तुझ्या बाबांनाही नाही. खूप दिवस तुझी वेणी घालताना मी जोरात ओढायचे. आठवतं?’ तिला आठवत होतं. केस दाट आहेत म्हणून, असं तिला वाटायचं. ‘मग गेला राग. कधी गेला कळलं नाही. मग त्या डॉक्टरचा आला, आणि मग त्या इमारतीचा. केवढी मोठी इमारत होती ती! फरशी पुसायला माणूस होता, लिफ्टची कडी लावायला माणूस होता, बाहेर चपला सांभाळायला माणूस होता, सगळे पगारी. माझ्याशी बोलायला तेवढी तू होतीस.’ आईनं परात पुन्हा मांडीवर ओढली. शेंग हातात घेऊन ती ठेवली, अजून एक वाक्य राहिलं होतं म्हणून. ‘जा किंवा नको जाऊस. पण माझ्यासाठी नको म्हणत असशील तर म्हणू नकोस.’

ती उठून न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली. नळ कुणासाठी सोडला होता कोण जाणे. घरात ऐकणारं कुणी नव्हतं. पस्तीस वर्षं जे उत्तर घट्ट धरून ठेवलं होतं ते सुटून गेलं होतं, आणि त्याच्या जागी आता नुसता ओढल्या जाणाऱ्या वेणीचा हिसका होता, मानेपाशी. हे बरं वाटणं होतं की लागणं, तिला ठरवता येईना. पण बाहेर येऊन पुन्हा समोर बसली आणि डाव्या हातानं शेंगा फोडू लागली, तेव्हा आईनं तिच्या पुढ्यातला अर्धा ढीग निमूटपणे स्वतःकडे ओढून घेतला.

शुक्रवारी सकाळी तिनं नेमणुका बघणाऱ्या बाईंना फोन लावला. ‘येते मी. पण एक गोष्ट लिहून हवी. पेशंटच्या लहान मुलांकडून काहीही सांगवायचं नाही. मला बोलवायचं. मी जेवत असले तरी.’ पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. ‘चांगली सूचना आहे. पण नेमणुकीच्या पत्रात असं घालता येत नाही हो.’ ‘मग कशात घालता येतं?’ ‘बघते मी.’ ‘बघते नको, बाई. मी थांबते फोनवर.’ बाई खरंच कुणाला तरी विचारायला गेल्या. दहा मिनिटांनी परत आल्या तेव्हा त्यांचा आवाज जरा उतरला होता. वॉर्डांसाठी परिपत्रक काढू, असं साहेब म्हणाले. आणि मग, टेबलावरच्या कागदांशी न जुळणाऱ्या स्वरात, ‘हे आधीच कुणी का नाही केलं, असं पण विचारत होते.’

शिंप्याला सांगायला ती दुकानात गेली. त्यानं यंत्र थांबवलं, सगळं समजून घेतलं आणि तोंडातल्या टाचण्या एकेक करून उशीत खोचल्या. ‘मग माझं कोण बघणार?’ तिनं एका तरुण मुलीचं नाव सांगितलं, चांगली तयार आहे म्हणाली. ‘तिचे हात घाई करतात. टाके लांब पडतात.’ ‘शिकेल.’ ‘म्हणजे तुझ्याशी बोलायचं तर आता मी आजारी पडायचं?’ थट्टाच होती, पण तो हसत नव्हता. तीही हसली नाही. पंधरा वर्षांत त्याच्या मुलांची नावं ठरताना ती मध्ये होती, त्याच्या बापाच्या वाटणीत होती. आता ती स्वतःहून उठून जात होती आणि त्याला नाही म्हणत होती. इतकी वर्षं जपलेली मुभा अशी वापरायची वेळ येईल हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं. तो पुन्हा यंत्रावर बसला. ती दारापर्यंत गेली तरी त्यानं वर पाहिलं नाही, आणि जो पाहत नाही त्याला तिच्या भाषेत निरोप देता येत नाही.

पहिले तीन आठवडे दाढदुखीचे, मुतखड्यांचे आणि चष्म्याच्या नंबरांचे गेले. गळ्यात फोटोचं कार्ड आलं. कोपराला रोज अर्धा तास शेक मिळू लागला, तोही कामाच्या वेळात, आणि पहिल्या दिवशी तिला ते चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावरून बोलावणं आलं. घड्याळं दुरुस्त करणारा एक म्हातारा होता, कर्णबधिर. त्याच्या बायकोला ऐकू यायचं आणि बाहेरच्या जगाशी त्याचं सगळं बोलणं आजवर तीच करत आली होती. आता ती आत खाटेवर होती, शुद्धीत नव्हती. डॉक्टर तरुण होती, दोन रात्री न झोपलेली. ‘यांना सांगा की…’ डॉक्टरनं सुरुवात केली. ‘मला नका सांगू,’ ती म्हणाली, ‘त्यांच्याकडे बघा आणि त्यांना सांगा. मी आहे.’ डॉक्टरनं म्हाताऱ्याकडे पाहिलं. ‘मला वाईट वाटतं,’ डॉक्टर म्हणाली, ‘आम्हाला जे करता येण्यासारखं होतं ते केलं. आता त्या बऱ्या होणार नाहीत.’ तिचे हात उचलले गेले. एखादा मऊ शब्द, एखादी खूण जरा अलीकडे थांबवलेली, एवढं सहज करता आलं असतं. मला वाईट वाटतं, तिनं सांगितलं. त्या बऱ्या होणार नाहीत. म्हाताऱ्यानं तिच्या हातांकडे पाहिलं, मग डॉक्टरच्या तोंडाकडे, मग परत हातांकडे. ‘किती दिवस?’ ‘आठवडा. कदाचित कमीच.’ तिनं तेही जसंच्या तसं दिलं.

डॉक्टरला पलीकडून हाक आली, ती गेली. म्हातारा उभाच होता. इतक्या जवळून पाहायची सवय असलेल्या त्याच्या डोळ्यांनी तिचं कार्ड वाचलं. ‘तू कोण? डॉक्टरांची कुणी?’

‘नाही. मी इथं नोकरीला आहे.’

‘उद्या असशील?’

‘असेन.’

‘परवा?’

‘परवाही. रविवारी सुट्टी असते.’

त्यानं काचेतून आत बघितलं, खाटेकडे. ‘मग रविवारी तिला काही व्हायला नको,’ तो म्हणाला. ही थट्टा होती की हिशेब, हे त्याच्या चेहऱ्यावरून कळेना. तिनं दोन खुर्च्या ओढल्या, खिडकीपाशी, जिथं हातांवर उजेड पडेल अशा. तो बसला. आणि थोड्या वेळानं त्याचे हात हलू लागले. बायकोबद्दल तो सांगत होता: ती झोपेत बडबडते असं शेजारच्या बाईनं त्याला एकदा लिहून कळवलं होतं, आणि ती नेमकं काय बडबडते ते चाळीस वर्षांत त्याला कधीच समजलं नव्हतं, अंधारात तिच्या गळ्यावर हात ठेवून तो नुसता पडून राहायचा. यातलं काहीच कुणाला पोचवायचं नव्हतं. ती मांडीवर हात ठेवून बघत राहिली.